कोंबडीखत घालताय, पण त्यात काय आहे?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला परसबागेवरचा लेख वाचला, बाकी सगळं पटलं पण कोंबडीखत नैसर्गिकच असतं म्हणून बिनधास्त घाला, हे काही पटलं नाही. पोल्ट्रीत ऑक्सिटेट्रासायक्लिन, एनरोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स पाण्यातून देतात आणि त्यातला बराचसा भाग विष्ठेतून तसाच बाहेर पडतो, म्हणजे आधी खतात, मग मातीत, आणि तिथले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. सरकारनं 2019 मध्ये पोल्ट्रीत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली ती याच भीतीपोटी. मांस-अंड्यांतल्या औषधाच्या अंशाला मर्यादा ठरवून दिल्यात, खताच्या गोणीवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. बडोद्याजवळच्या पादरा भागात बांधावर ट्रॉलीभर ओतलेलं खत पाहिलंय मी, भाताचं तूस, पिसं, डोळे झोंबतील असा अमोनियाचा वास, आणि पलीकडच्याच वाफ्यात पालक. शेतकऱ्याचा दोष नाही हो यात, त्याला कोणी सांगितलंच नाही. ढीग नीट कुजवला तर ऑक्सिटेट्रासायक्लिन बरंच कमी होतं, एनरोफ्लॉक्सासिन मात्र चिवट, म्हणून कोणतं औषध कधी दिलं ते पोल्ट्रीवाल्यानं खत विकतानाच लिहून द्यायला हवं, आणि तशी सक्ती व्हायला हवी.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे