बाळंतिणीच्या कपाटात डांबरगोळ्या नकोत

संपादक महोदय,

पावसाळा लागला की आमच्या चिपळुणात कपाट उघडताच कुबट वास येतो, आणि दुकानांत डांबरगोळ्या खपतात. मोठ्यांचं एक वेळ सोडा, पण तान्हं बाळ असलेल्या घरात त्या नकोतच. दुपटी या गोळ्यांत ठेवली, तर रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या 'जी६पीडी' या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या या पेशी गोळ्यांतल्या नॅफ्थलीन या रसायनामुळे फुटू शकतात, कावीळ वाढते. पाकिटावर हा इशारा ठळक मराठीत छापायला लावावा.

सासूबाई लुगड्यांच्या घडीत वेखंड ठेवायच्या. मीही तेच ठेवते, जोडीला वाळ्याची जुडी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय. इस्त्रीचे गरम कपडे लगेच आत कोंबत नाही (हे मुलाला अजून पटलेलं नाही!). उघडीप मिळाली की दारं सताड उघडी.

– एक गृहिणी, चिपळूण