काकू, मी ५ डॉलरची सभासद झाले

ती. काकू यांस,
सा. न. वि. वि.

बँक बदलायला मदत केलीत त्याचे फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, पोळी करपतेय" म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. इथे ओहायोतल्या कोलंबसला नव्याने आलेल्या एखाद्या मुलीच्या कामी आलं तर आलं.

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत मी रडवेली होऊन तुमच्यापुढे उभी होते, आठवतं? पावणेपाच डॉलरची कॉफी आणि तिच्यापायी बँकेने कापलेले ३५ डॉलर ओव्हरड्राफ्टचे, म्हणजे खात्यात पैसे नसताना खर्च चालवून घेतल्याचे. शिवाय किमान शिल्लक नाही म्हणून महिन्याला १२ डॉलर वेगळेच. तुम्ही जिलबीचा तुकडा मोडत विचारलंत, "डेबिट कार्डाच्या खरेदीला ती सोय तुझ्या होकाराशिवाय लावता येत नाही. होकार कुणी दिला?" मीच दिला होता. खातं उघडताना 'सोय' म्हटल्यावर मी हौसेने हो म्हणून मोकळी झाले होते.

"उद्या जाऊन आधी ते काढून टाक," तुम्ही म्हणालात. "आणि एखादी क्रेडिट युनियन बघ. म्हणजे आपली पतसंस्थाच गं."

ते शेवटचं वाक्य ऐकून मी घरी जाऊन दोन दिवस विषयच टाकून दिला. आमच्या तालुक्याच्या गावची पतसंस्था बुडाली तेव्हा मी नववीत होते. पिग्मीवाला रोज संध्याकाळी बाबांच्या दुकानावर यायचा, २० रुपये घ्यायचा, कार्डावर सही करायचा. एक दिवस तो आलाच नाही. बाबांच्या ठेवीच्या पावत्या अजून कपाटात आईच्या शालूखाली आहेत. पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं, ते बँकांना असतं, सहकारी बँकांनाही असतं, हे आम्हाला संस्थेला कुलूप लागल्यावर कळलं. 'सभासदांची संस्था' हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, उगीच समजूतही काढली नाहीत. चहाचं आधण ठेवलंत आणि मार्च १९८५ ची गोष्ट सांगितलीत. सिनसिनाटीतली एक मोठी बचतसंस्था फ्लोरिडाच्या एका रोखे-व्यापाऱ्याच्या नादाने गाळात गेली, तिच्या दारात रांगा लागल्या आणि ओहायोच्या गव्हर्नरांनी तशा सत्तरेक संस्था एकदमच बंद केल्या. त्या रांगेत तुम्ही आणि काका होता, कडेवर सहा महिन्यांचा मुलगा. त्या संस्थांच्या ठेवींना विमा होता, पण खासगी निधीचा, आणि पहिल्याच मोठ्या दणक्यात तो निधी आटला. "पैसे मिळाले हो शेवटी," तुम्ही म्हणालात, "पण तेवढे दिवस दूध उधारीवर आणलं."

मग तुम्ही किराणाच्या पावतीची पाठ आणि पेन्सिल घेतलीत. ती पावती माझ्याकडे आहे.

मी शोधलेल्या तीन क्रेडिट युनियन होत्या. पहिलीचा बचतीचा दर सगळ्यात चांगला, आणि तिच्यावरच तुमची पहिली काट. कारण तिचा विमा खासगी होता. मला तर सगळ्यांना सरकारी विमा असतो असंच वाटत होतं! ओहायोत राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या क्रेडिट युनियनला आजही खासगी विमा चालतो, हे तुमच्याकडून कळलं. "बेकायदा काही नाही. पण तुझ्या बाबांना फोनवर काय सांगशील?" एनसीयूए, म्हणजे क्रेडिट युनियनवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था, तिचा विमा असेल तर एका सभासदाच्या वैयक्तिक खात्यांना मिळून २,५०,००० डॉलरपर्यंत संरक्षण आणि त्यामागे अमेरिकी सरकारची हमी. तेवढं सांगितलं की बाबांना झोप लागते.

दुसरीची जाहिरात मला फार आवडली होती: चेकिंगवर, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या खात्यावर, ४ टक्के! अट एकच, महिन्यातून १२ वेळा कार्ड वापरायचं. एकदा चुकलं की त्या महिन्याचा दर जवळजवळ शून्य. तुम्ही विचारलंत, भाडं गेल्यावर खात्यात सरासरी उरतं किती? साधारण १,२०० डॉलर. पेन्सिलीने लिहिलंत: वर्षाला ४८, महिन्याला ४. "चार डॉलरसाठी महिनाभर मोजत बसणार? त्या नादात एक जास्तीची कॉफी घेतलीस की फिटलं." कॉफीचा टोमणा मुद्दाम होता, कळला मला.

राहिली तिसरी. दर बेताचा, ॲप दिसायला जुनाट. पण फ्रँकलिन काउंटीत, म्हणजे कोलंबसच्या जिल्ह्यात, राहणाऱ्या कुणालाही सभासदत्व, चेकिंगला किमान शिल्लक नाही आणि शेअर्ड ब्रांचिंगमध्ये सामील. त्याचा अर्थ मला मागच्या महिन्यात शिकागोत कळला: तिथल्या भलत्याच क्रेडिट युनियनच्या काउंटरवर मी माझ्या खात्यात चेक भरला. बचतीची रक्कम तुम्ही वेगळ्या खात्यात ठेवायला लावलीत, आणि जुनं खातं लगेच बंद करू दिलं नाहीत. पगार नव्या खात्यात दोनदा जमा होऊ दे, फोनचं आणि विजेचं बिल तिकडून जाऊ दे, मगच जुनं बंद. हे ऐकलं नसतं तर विजेचं बिल नक्की परत गेलं असतं.

खातं उघडायला गेले त्या दिवशी आधी दारावरचा एनसीयूएचा फलक शोधला. काउंटरवरच्या मुलीने ५ डॉलर मागितले. फी का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, नाही, हा तुमचा शेअर, सोडून जाल तेव्हा परत मिळेल. इथे व्याजालाही लाभांशच म्हणतात. खात्यात कितीही असो, मत प्रत्येकाला एकच. मला एकदम आमच्या गावचं मंगल कार्यालय, लाल खुर्च्या आणि 'विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त' आठवलं.

बाबांना सांगायला आठवडा घेतला. आधी विम्याचं सांगितलं, मग नाव. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "वार्षिक सभा असते?" म्हटलं, असते. "सभासद भेट काय देतात? आम्हाला एकदा स्टीलचा डबा दिला होता."

मला पेन मिळालंय, काकू. हे पत्र त्यानेच लिहिलं, मग टाईप केलं. डब्यावरून आठवलं, तुमचा चकलीचा डबा माझ्याकडेच आहे. रिकामा आणत नाही, शनिवारी नारळाच्या वड्या जमल्या की येते.

तुमची,
रांगेतली रडवेली