आवाज बाईचा, नाव पुरुषाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पेनमधील गालिसिया आणि पोर्तुगाल येथील मध्ययुगीन प्रेमगीतांवर आलेला लेख आवडीने वाचला. साधारण १२०० ते १३५० या काळातील ही गीते मराठी वाचकांपुढे क्वचितच येतात. मात्र त्यांतील ‘कांतिगा द अमिगो’ (प्रियकराचे गीत) या प्रकाराला लेखकाने ‘तिकडच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या’ म्हटले आहे, ते पटले नाही.

या गीतांत बोलते ती एक तरुण मुलगी. परतून न आलेल्या प्रियकराची चौकशी ती कधी आईपाशी, कधी मैत्रिणींपाशी, तर कधी थेट समुद्राच्या लाटांपाशी करते. रचणारे मात्र सगळे पुरुष. हस्तलिखितांतून दीडशेहून अधिक कवींची नावे मिळतात, त्यांत एकाही बाईचे नाव नाही. पोर्तुगालचा राजा दिनिश (१२६१–१३२५) याची १३७ गीते आज उपलब्ध आहेत आणि त्यांतली कित्येक अशा मुलीच्याच तोंडी आहेत. तेव्हा नाते जोडायचेच तर ते लावणीशी जोडावे. आमच्या वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव बाईच्या तोंडची लावणी लिहीत, म्हणून ती बाईने रचली असे आपण कधी म्हणत नाही. (दुसऱ्या प्रकारात, ‘कांतिगा द अमोर’मध्ये, पुरुष स्वतःच्या आवाजात बोलतो आणि प्रेयसीला ‘सेन्योर’ म्हणजे ‘धनी’ म्हणतो, आपल्याकडे हा शब्द बायकोने नवऱ्यासाठी वापरायचा, हे गमतीचे आहे.)

रचनेत मात्र ओवीशी साम्य आहे, हे मान्य करायला हवे. एका कडव्यात ‘अमिगो’ (प्रियकर) आले की पुढच्या कडव्यात तीच ओळ ‘अमादो’ने संपते, अर्थ तोच, फक्त यमक फिरते, आणि मागच्या कडव्यातली ओळ उचलून पुढचे कडवे सुरू होते. माझी आई जात्याचा खुंटा धरून हेच करीत असे. ‘बंधू’च्या जागी ‘भाऊराया’ घालून ती तीच ओळ पुन्हा म्हणे आणि जात्यात जोंधळ्याचा पुढचा घास टाकेपर्यंत तिला नवी ओळ सुचलेली असे. फरक एवढाच, की ती ओळ तिची स्वतःची होती.

तिकडच्या गीतांचे टिकणेही निव्वळ नशिबाचे. गालिसियातील वीगो बंदराच्या समुद्रावर गीते रचणाऱ्या मार्तिन कोदाश याची सात गीते असलेले चर्मपत्र १९१४ मध्ये माद्रिदच्या एका पुस्तकविक्रेत्याला सापडले, ते रोमन लेखक सिसेरोच्या ग्रंथाच्या बांधणीत वापरलेले होते. त्यांतल्या सहा गीतांवर स्वरलेखन आहे. दिनिशची सात गीते चालींसह लिस्बनच्या तोरे दो तोम्बो अभिलेखागारात १९९० मध्ये मिळाली, तीही जुन्या दप्तराच्या बांधणीतच. या परंपरेतील लौकिक गीतांच्या एवढ्या तेराच चाली आज हाती आहेत. पण पान फाटले, चाल पुसट झाली, तरी कवीचे नाव शिल्लक राहिले.

आईच्या चाळीसेक ओव्या माझ्या बहिणीने हळदीच्या अडतीच्या पट्ट्यांमागे पेन्सिलीने उतरवून ठेवल्या होत्या. पुढे एका संग्राहकाने त्या मागून नेल्या आणि छापल्या. खाली फक्त ‘लोकगीत, सांगली परिसर’ एवढेच होते. गाणारी बाई अमुक गावची, अमुक नावाची, हे त्यांना घरी बसवून सांगितलेले होते.

म्हणून विनंती अशी, की आपल्या पुरवणीत ओवी छापताना, जिथे माहीत असेल तिथे, ती रचणाऱ्या किंवा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव अवश्य द्यावे. आमच्या घरातल्या ओव्यांपैकी काही हव्या असल्यास पट्ट्यांच्या छायाप्रती आणि आईचे पूर्ण नाव मी आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक वाचक
ता. वाळवा, जि. सांगली