अरबीच्या वर्गात बोलीलाही जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडील अरबीचे प्रमाणपत्र व पदविका वर्ग बहुतांशी ‘फुस्हा’वर, म्हणजे प्रमाण अरबीवरच चालतात. वर्तमानपत्रे, सरकारी कागदपत्रे, धर्मग्रंथांचे वाचन यांसाठी फुस्हा हवीच, त्याबद्दल दुमत नाही. मात्र मोरोक्कोपासून ओमानपर्यंत मूल घरात शिकते ती त्या त्या प्रदेशाची बोली. फुस्हा त्याला पुढे शाळेत भेटते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्येच या दुपदरी भाषाव्यवहाराचे विवेचन करताना अरबीचा दाखला दिला होता, तरीही बातम्या समजणारा आपला विद्यार्थी तिथल्या दुकानदारासमोर अडखळतो.

नाशिक परिसरातून आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांचेच उदाहरण घेऊ. डोके दुखते हे सांगायला पुस्तकात ‘रअसी युअलिमुनी’ असे वाक्य असते. कुवेतमधील वृद्ध रुग्ण म्हणतो ‘रासी यअव्विरनी’ आणि शेजारच्या खाटेवरील इजिप्तचा रुग्ण म्हणतो ‘रासी बितिवगअनी’. यातले इजिप्तचे क्रियापद प्रमाण अरबीतल्या ‘वजअ’ या धातूचेच आहे, पण कैरोत ‘ज’चा ‘ग’ होत असल्याने ते नवख्याला ओळखू येत नाही. हा नियम वर्गात दहा मिनिटांत सांगून होण्यासारखा आहे. तो ठाऊक नसेल तर रुग्णाची तक्रार समजायला दुभाषा शोधावा लागतो.

बोली अनेक, मग कोणती शिकवायची, हा आक्षेप प्रामाणिक आहे. महाराष्ट्रापुरते उत्तर मला अवघड वाटत नाही: नोकरी आणि व्यापाराच्या दृष्टीने आधी आखाती बोली, तिच्या जोडीला इजिप्तची, कारण चित्रपट आणि दूरचित्रवाणीमुळे ती अरब जगात सर्वदूर समजते. बोलीमुळे प्रमाण भाषा बिघडेल ही भीतीही निराधार आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शाम प्रदेशाची, म्हणजे सीरिया-लेबनॉन पट्ट्यातली बोली आणि फुस्हा अनेक वर्षांपासून एकाच अभ्यासक्रमात शिकवतात. बागलाण-मालेगावकडची मुले घरी अहिराणी बोलून शाळेत प्रमाण मराठी लिहितातच ना?

शिक्षक कुठून आणायचे, ही अडचण मात्र खरी आहे, कारण आपले बहुतेक अध्यापक स्वतः ग्रंथांतूनच अरबी शिकलेले असतात. आखातात वर्षानुवर्षे नोकरी करून परतलेली माणसे नाशिक आणि मालेगावात आहेत. व्याकरण अध्यापकांनी शिकवावे आणि संभाषणाच्या तासाला मानधन देऊन या मंडळींना बोलवावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संबंधित अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की, दुसऱ्या सत्रापासून आठवड्याला निदान दोन तास बोलीसाठी राखून ठेवावेत आणि तिची तोंडी परीक्षा गुणांसह घ्यावी, कारण गुण नसलेला तास आपल्याकडे मुलेही गांभीर्याने घेत नाहीत आणि महाविद्यालयेही.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक