रेंजवर तीन दुर्बिणी हव्यात: नेमबाजी मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमचे मंडळ कोल्हापूर जिल्ह्यातले. डोंगराच्या पायथ्याशी, मातीच्या उंच बांधासमोर आमची 50 मीटरची रेंज आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून नेम धरण्याचे) कांस्यपदक जिंकले. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या पोरापोरींची संख्या वाढली. त्याआधी 2010 साली म्युनिकला प्रोन, म्हणजे पोटावर पडून नेम धरण्याच्या प्रकारात जगज्जेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंतही याच मातीतल्या. त्यामुळे इथल्या आईबापांना नेमबाजी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. रेंजवर नेमके काय कमी पडते, ते मात्र आज सांगायला हवे.

50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते. शर्टाच्या बटणाएवढे. आमच्या रायफलची .22 ची गोळी 5.6 मिलिमीटर जाड. मधला काळा गोल 112.4 मिलिमीटरचा. पांढऱ्या भागात गोळी लागली तर एखाद वेळी दिसते, पण काळ्यावर पडलेले भोक 50 मीटरवरून कितीही तीक्ष्ण डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट असते आणि गोळी कुठे लागली ते शेजारच्या पडद्यावर लगेच उमटते. आमच्याकडे कागदी टार्गेट आहे. त्यासाठी शेजारी स्टँडवर लावलेली दुर्बीण, म्हणजेच स्पॉटिंग स्कोप लागतो.

सध्या काय होते ते पाहा. आमची एक मुलगी प्रोनमध्ये पडून पाच साईटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या अंदाजाच्या गोळ्या मारते. मग सगळ्या लेन थांबवायच्या, प्रत्येक रायफलचा बोल्ट उघडायचा, रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून चेंबरमध्ये झेंडी घालायची, सगळ्यांनी मागे सरायचे, मग एकाने टार्गेटपर्यंत जाऊन यायचे. तो येईपर्यंत दंडावरचा पट्टा सैल झालेला, चटईवरचे कोपर हललेले. अर्ध्या तासात बसवलेली पोझिशन पुन्हा पहिल्यापासून. गेल्या स्पर्धेत शेजारच्या लेनवरच्या एका दादांनी तिला आपल्या दुर्बिणीतून बघू दिले. पाचही गोळ्या एकाच जागी, आठच्या वर्तुळात, घड्याळातल्या चारच्या बाजूला. तिने साईटचे क्लिक डावीकडे आणि वर फिरवले आणि पुढच्या गोळ्या काळ्याच्या मध्यावर बसू लागल्या. ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एकाच जागी पडणे, चांगले होते, फक्त कळायला साधन नव्हते.

काहीजण विचारतात, रायफलवरच दुर्बीण का लावत नाही? या क्रीडाप्रकारांत ते चालत नाही. रायफलला न जोडलेली, बाजूला ठेवलेली दुर्बीण मात्र नियमाला धरून आहे. वारा ओळखायलाही तीच कामी येते. एप्रिलच्या उन्हात अकराच्या सुमाराला फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणला की झळा वाहताना दिसतात, आणि त्या कुठे झुकतात त्यावरून वारा कळतो. दहातली गोळी नवात ढकलायला तेवढा वारा पुरतो.

आता कुठली दुर्बीण, कारण याबाबतीत आम्ही एकदा फसलो आहोत. खोक्यावर 60 पट मोठे दाखवते असे छापलेली एक स्वस्त दुर्बीण आम्ही घेतली. मोठे करताच चित्र अंधारले आणि झळांनी थरथरू लागले. साधा हिशेब आहे: पुढची काच 60 मिलिमीटरची असेल, तर 20 पटीला डोळ्यात 3 मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो आणि 60 पटीला अवघा 1 मिलिमीटर. .22 च्या भोकासाठी 20 ते 25 पट भरपूर झाली. पुढची काच 60 ते 65 मिलिमीटरची आणि तिला चांगले कोटिंग असले की झाले. डोळा लावायची बाजू 45 अंशांत वाकलेली असावी, म्हणजे पडल्या पडल्या मान न हलवता बघता येते. चष्मा लावणाऱ्या मुलांसाठी डोळा भिंगापासून थोडा दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसायला हवे. आणि ती हवाबंद हवी. आमच्या जुन्या दुर्बिणीच्या आत दोन पावसाळ्यांत बुरशी धरली, ती निघाली नाही.

बाजारातल्या बऱ्याच दुर्बिणी शिकारीसाठी म्हणून विकल्या जातात. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि आमच्या मंडळाचा शिकारीशी काडीचाही संबंध नाही. आम्ही कागदावर नेम धरतो.

आम्हाला अशा तीन दुर्बिणी आणि प्रोनसाठी तीन बुटके, जड बुडाचे स्टँड घ्यायचे आहेत. सगळे मिळून 75,000 रुपये लागतील असा आमचा अंदाज आहे. 100 रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि खरेदीची बिले रेंजवरच्या फलकावर लावली जातील. आयकरातली सवलत आम्हाला देता येत नाही, हे आधीच सांगतो.

पैशाऐवजी वस्तू दिलीत तर फार बरे. कोणाच्या कपाटात पक्षीनिरीक्षणाची, एका डोळ्याने बघायची दुर्बीण (स्पॉटिंग स्कोप) वापराविना पडून असेल तर ती आमच्या कामाला अगदी योग्य आहे. सरळ डोळ्याची असली तरी प्रशिक्षकांना उभ्या स्टँडवर चालेल. द्यायच्या आधी खिडकीच्या उजेडात भिंग तिरके धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही, म्हणजे बुरशी, दिसते का तेवढे पाहा. गावात लेथ किंवा वेल्डिंगचे काम करणाऱ्या मंडळींनी स्टँड बनवून दिले तर तेवढे पैसे वाचतील. माप आम्ही देऊ.

पावसाळ्यापूर्वी खरेदी व्हावी अशी आमची धडपड आहे, कारण त्यानंतर जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर येतात. रविवारी सकाळी सात ते अकरा सराव असतो. देणगी घेऊन या, नाहीतर नुसते बघायला या. लाल झेंडा वर असेल तर फाटकापाशीच थांबा, कोणीतरी येऊन तुम्हाला आत नेईल.

आपले,
मंडळाचे सचिव आणि सर्व सभासद