परवाना अडवून बचत कशी होणार?

महोदय,

सिंगापूरमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्याचे वार्षिक निव्वळ उत्पन्न सहा हजार सिंगापूर डॉलरपेक्षा अधिक असल्यास त्याला 'मेडिसेव्ह' या आरोग्य बचत खात्यात उत्पन्न व वयानुसार रक्कम भरावीच लागते. १९८४ मध्ये नोकरदारांसाठी सुरू झालेली ही योजना १९९२ पासून स्वयंरोजगारितांनाही लागू झाली, आणि रुग्णालयाचे बिल हातात पडते तेव्हा हेच पैसे कामी येत असल्याने तिच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. मात्र थकबाकीमुळे टॅक्सीचालकाच्या किंवा खाद्यविक्रेत्याच्या परवान्याचे नूतनीकरण अडावे, हे पटत नाही. गाडीचे रोजचे भाडे आणि इंधन वजा जाता हाती फारसे न उरल्याने ज्याची रक्कम थकली, त्याची कमाईच थांबली तर तो ती फेडणार कशातून? हप्त्यांची सोय आहे, हे मान्य. पण मंदीत हप्ताही जड जातो. शिवाय नोकरदाराच्या खात्यात मालक भर घालतो, टॅक्सीचालक मात्र सारा भार एकटाच उचलतो. म्हणून वसुली आणि परवाना यांची सांगड सोडून थकबाकी पुढील उत्पन्नातून टप्प्याटप्प्याने घ्यावी, आणि अल्प उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात सरकारने अधिक वाटा घालावा.

– एक वाचक, सिंगापूर