काका, स्कोप आता जागचा हलत नाही

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रिव्हॉल्व्हरवर स्कोप, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, नीट बसवायला शिकवलंत त्याबद्दल फोनवर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि पावसापाण्याचं विचारायला लागता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. इथे पेनसिल्व्हेनियात रिव्हॉल्व्हरने सिल्हूट खेळणारे मराठी लोक मोजकेच आहेत, पण जे आहेत त्यांनाही तुमची कामाची पद्धत कळावी असं फार वाटतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा खेळ मूळचा मेक्सिकोतला. अमेरिकेत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवाल्यांची संघटना १९७६ साली उभी राहिली. पोलादी पत्र्यातून कापलेली कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० मीटरवर. नुसती गोळी लागून चालत नाही, आकृती आडवी पडली पाहिजे. जीव कुणाचा जात नाही, म्हणून माझ्यासारख्या शाकाहारी घरातल्या माणसालाही तो मनापासून आवडला.

पन्नाशीनंतर पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, धूसर दिसायला लागली. साइट नीट दिसावी म्हणून चष्मा लावला की मेंढा गायब, मेंढ्यासाठी लावला की साइट गायब. खेळ सोडायच्या बेतात होतो. स्कोपवाल्यांचा वर्ग वेगळा असतो, त्यात खेळ, असं तुम्हीच सुचवलंत.

पहिल्यांदा स्कोप एका दुकानात बसवून घेतला. थोड्याच दिवसांत नेम भरकटायला लागला. तुम्ही भिंग घेऊन बघितलंत आणि नळकांड्यावरची बारीक चकचकीत रेघ मला दाखवलीत. .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या धक्क्याने रिव्हॉल्व्हर मागे येतं, स्कोप मात्र जडत्वाने जागीच राहू पाहतो. स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगांची पकड कमी पडली की तो दर गोळीला केसभर पुढे सरकतो. त्या रिंगांच्या आत तेल तसंच राहिलं होतं, आणि एका बाजूचा स्क्रू पार आवळलेला, दुसरा सैल.

तुमच्या गॅरेजमधली ती दुपार मी विसरणार नाही. सगळ्यात आधी तुम्ही गोळ्या भरायचं फिरतं सिलिंडर बाहेर काढून त्याच्या सहाच्या सहा चेंबरांत बोट घालून पाहिलंत, मग मलाही पाहायला लावलंत. गोळ्यांचा डबा घरात काकूंकडे. पिंपरीच्या टूलरूममध्ये अख्खी उमेद घालवलेला माणूस हत्याराला कसा हात लावतो ते मी जवळून पाहत होतो.

माझं रिव्हॉल्व्हर रूगर कंपनीचं सुपर रेडहॉक. त्याच्या फ्रेमवरच रिंगांसाठी अर्धगोल खाचा असतात, त्यामुळे ड्रिल मारून आटे पाडायची गरज नाही. पण खाचेत कचऱ्याचा कण राहिला तरी रिंग तिरकी बसते, हे तुम्ही फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून दाखवलंत. खाचा, रिंगा, स्क्रू सगळं ॲसिटोनने कोरडं केलं. मग रिव्हॉल्व्हर नमदा लावलेल्या व्हाइसमध्ये, त्यावर छोटी पाणसळ, आणि समोरच्या भिंतीवर ओळंबा! स्कोपमधली उभी तार ओळंब्याच्या दोरीशी जुळेपर्यंत तुम्ही मला स्क्रू आवळू दिला नाहीत. आवळायचाही तो तिरप्या क्रमाने, थोडाथोडा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत. शेवटचा फेरा तुमच्या टॉर्क ड्रायव्हरने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पेचकसाने, स्कोपच्या कागदावर दिला होता तेवढाच. जास्त जोर लावला तर नळकांडं चेपतं, हे तुम्ही बजावलंत.

स्कोप डोळ्यापासून किती लांब हवा, हे तर मला कुणीच सांगितलं नसतं. रायफलचा स्कोप डोळ्यापासून तीन-चार इंचांवर असतो. रिव्हॉल्व्हरचा हातभर लांबून बघायचा, म्हणून तो वेगळ्याच बनावटीचा लागतो. तुम्ही मला गॅरेजच्या फरशीवर चटई टाकून उताणं झोपवलंत, कारण सामन्यात मी तसाच झोपून, रिव्हॉल्व्हर पायाला टेकवून नेम धरतो. डोळे मीट, नेम धर, आता उघड. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत तुम्ही स्कोप पुढेमागे करत होतात. उभं राहून ठरवलं असतं तर सगळं अंतर चुकलं असतं. पोटरीवर बांधायचा जाड चामड्याचा तुकडाही तुम्हीच कापून दिलात, सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम वायू बाजूला फेकला जातो म्हणून.

रिव्हॉल्व्हरच्या नळीतून मागून बघता येत नाही, फ्रेम आड येते. तुम्ही नळीच्या तोंडात कॉलिमेटर, म्हणजे नळीची दिशा स्कोपमधून दाखवणारं छोटं उपकरण, बसवून तारा जवळपास आणून दिल्यात. पुढचं काम रेंजवर, आधी २५ यार्ड, मग ५०. स्कोपच्या बटणाची पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर साधारण साडेतीन मिलिमीटर, हे गणित तुम्ही खडूने बाकावर लिहिलं होतं.

आणि स्क्रूंवर पांढऱ्या रंगाची ती बारीक रेघ! प्रत्येक सामन्यानंतर मी ती बघतो. एकही स्क्रू फिरलेला नाही. मेंढे पडतायत काका, लांबून ठण्ण आवाज यायच्या आधी आडवा होताना दिसतो.

दुकानवाल्याने पैसे घेऊन जे केलं नाही ते तुम्ही चहावर केलंत. त्याहून मोलाचं म्हणजे, पाना तुम्ही स्वतःच्या हातात घेतला नाहीत, माझ्या हातात दिलात. आता क्लबातल्या एका मुलीला तिच्या पॉइंट टू-टूवर (.२२ या लहान काडतुसाच्या हत्यारावर) स्कोप बसवायचाय. तिला घेऊन शनिवारी येऊ का? ओळंबा माझ्याकडून आणतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
पलीकडच्या गल्लीतला पुतण्या